मॉवरची शेपटी मोकळी हवी: उंचसखल जमिनीवरच्या एका जोडणीचा प्रकरण अभ्यास

तक्रार अशी होती की रोटरी मॉवर एकाच पट्ट्यात कुठे गवत सोडतो आणि कुठे माती खरवडतो. ट्रॅक्टर साधारण 45 अश्वशक्तीचा. मॉवर, म्हणजे बरेच जण ज्याला स्लॅशर म्हणतात तो, दीड मीटर रुंदीचा, थ्री पॉइंट लिंकेजवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या खालच्या दोन लोअर लिंक आणि वरची एक टॉप लिंक यांवर, टांगलेला, मागे एक आधारचाक असलेला. जमिनीवर कधीकाळी वरंबे होते, नंतर ती गवताला सोडली. वरंबे झिजले पण गेले नाहीत. त्यांचे लांबट उंचवटे उरले आणि मधल्या जागेत पावसाच्या पाण्याने चर पाडले. गवत वाढलं की वरून सगळं सपाट दिसतं. ट्रॅक्टर आत शिरला की खरी जमीन कळते.

मालकांना खात्री होती की यंत्रच खराब निघालं. पाती पाहिली, धार ठीक होती. गिअरबॉक्सचा आवाज स्वच्छ होता, तेलाची पातळी बरोबर होती. हीच जोडी सपाट तुकड्यावर चालवली तेव्हा कापणी एकसारखी झाली. म्हणजे मॉवर कापत होता, फक्त त्याला जमिनीच्या मागे जाता येत नव्हतं.

चालकांनी अडचण नेमकी सांगितली: "वर धरलं तर गवत राहतं, खाली सोडलं तर माती उडते. मग धरू तरी कुठं?" या प्रश्नातच अर्ध निदान होतं.

पीटीओ बंद ठेवून एक फेरी

काहीही न बदलता, पीटीओ (इंजिनाची ताकद मॉवरला देणारा ट्रॅक्टरचा मागचा फिरता दांडा) बंद ठेवून आणि मॉवर कापणीच्या उंचीवर धरून ट्रॅक्टर एका वरंब्यावरून आडवा, अगदी सावकाश न्यायला सांगितला. पाती फिरत असताना मॉवरच्या आसपास उभं राहून निरीक्षण करायचं नसतं. दीड मीटरचा वर्तुळव्यास आणि मिनिटाला 1000 फेरे धरले तर पात्याचं टोक सेकंदाला जवळपास 78 मीटर वेगाने फिरतं. त्याने उडवलेला दगड दूरवर जातो, म्हणून काम चालू असताना 90 मीटरच्या आत कुणी नको.

ट्रॅक्टरची पुढची चाकं वरंब्यावर चढली तसं मॉवरचं आधारचाक जमिनीत दाबलं गेलं आणि डेकचा, म्हणजे पात्यांवरच्या कवचाचा, पुढचा भाग वर उचलला गेला. पुढची चाकं पलीकडच्या चरात उतरली तेव्हा उलटं झालं. आधारचाक हवेत लोंबकळलं, त्याच्याखालून बूट घातलेला पाय सहज गेला असता. दोन्ही वेळा पाती गवताच्या बऱ्याच वर होती. वरंब्याच्या अलीकडे आणि पलीकडे गवताचे उभे पट्टे का राहत होते, ते इथेच दिसलं.

मग माती कशी खरवडली जात होती? ते चालकांच्या हातून होत होतं, आणि तसं होणं स्वाभाविकच होतं. गवत राहतंय म्हणून ते लिफ्ट आणखी खाली सोडत. उंची 5-6 सेंमीवर आली की चढउतारावर गवत तसंच राही, आणि जिथे जमीन थोडी फुगलेली तिथे पाती थेट मातीत जात. मूळ दुखणं राहिलेल्या गवताचं होतं, खरवडणं त्या दुखण्यावरच्या उपायातून आलं होतं. तक्रारीत मात्र दोन्ही एका ओळीत आले, म्हणून सगळ्यांना ते दोन वेगळे दोष वाटले.

आकडे मांडून पाहिले

या जोडीत पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण 2 मीटर होतं. मागच्या आसापासून लोअर लिंकच्या पिनांपर्यंत 90 सेंमी, आणि पिनांपासून आधारचाकापर्यंत 2.1 मीटर. म्हणजे आधारचाक मागच्या आसाच्या 3 मीटर मागे.

पुढची चाकं 20 सेंमी वर चढली की ट्रॅक्टर दहास एक या प्रमाणात मागे कलतो. पिना 9 सेंमी खाली जातात. टॉप लिंक ताठ असेल तर डेक ट्रॅक्टरचाच कल घेतो, आणि त्या रेषेत आधारचाकाने 30 सेंमी खाली जायला हवं. जमीन ते होऊ देत नाही. लिफ्टचे हात खालून ढकलले की मोकळेपणी वर जातात, त्यामुळे चाक जमिनीवर थांबतं आणि डेक त्याच कलात राहून पुढून वर जातो, सुमारे 20 सेंमी. पुढची चाकं 20 सेंमी खाली उतरली तर पिना 9 सेंमी वर आणि शेपटी 30 सेंमी हवेत. टॉप लिंक आणि लोअर लिंक एकमेकींना समांतर नसतील तर हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, दिशा बदलत नाही.

आता टॉप लिंकमध्ये सैलपणा आहे असं धरा. आधारचाक प्रत्येक वेळी जमिनीवरच राहतं, पुढची बाजू पिनांबरोबर 9 सेंमी वरखाली होते, आणि पाती असलेल्या मधल्या भागाला त्याच्या साधारण निम्मं जाणवतं. कुठे 20-30 सेंमी आणि कुठे 4-5 सेंमी. मॉवरचा पुढचा भाग ट्रॅक्टरने धरायचा आणि मागचा भाग जमिनीने, असा कामाचा वाटा आहे. ताठ टॉप लिंक तो मोडते आणि दोन्ही टोकांचा ताबा ट्रॅक्टरकडे देते. या प्रकरणातलं बाकी सगळं यातूनच निघालं.

ड्राफ्टचा दांडा

फेरी चालू असताना आणखी एक खटकलं. सपाट जागीसुद्धा मॉवर मधूनच आपोआप दोन-चार सेंमी उचलला जाई आणि परत बसे. ड्राफ्ट कंट्रोल, म्हणजे ओढ वाढली की औजार आपोआप उचलणारी व्यवस्था, तिचा आधीच्या मशागतीसाठी लावलेला दांडा तसाच होता. या ट्रॅक्टरला ओढीचा अंदाज टॉप लिंकवरच्या दाबातून येतो. आधारचाक एखाद्या ढेकळावर चढलं की ताठ टॉप लिंकवर दाब येई, हायड्रॉलिकला वाटे की औजार जमिनीत खोल रुतलं, आणि लिफ्ट उचलली जाई. दाब गेला की परत खाली. मॉवरला ड्राफ्ट कंट्रोलचा काही उपयोग नाही. तो दांडा निष्क्रिय जागी नेला आणि उंची फक्त पोझिशन कंट्रोलवर, म्हणजे लिफ्ट ठरलेल्या उंचीवर धरणाऱ्या दांड्यावर, ठेवली. एवढ्यानेच ही उचकी थांबली. उंचसखल जमिनीवर मॉवर नाचतो अशी तक्रार आली की इतर काही उघडण्याआधी हा दांडा पाहावा, असं मी आग्रहाने सांगेन.

सैलपणा किती, आणि कुठे थांबवायचा

मॉवरच्या ए-फ्रेमला, म्हणजे पुढच्या उभ्या चौकटीला, टॉप लिंक थेट पिनने ठोकलेली होती. खरं तर या मॉवरबरोबर झुलत्या पट्ट्यांची जोडी आली होती. तिचं एक टोक ए-फ्रेमवर फिरतं आणि दुसऱ्या टोकात टॉप लिंक बसते. कुणीतरी ती काढून ठेवली होती, कारण मॉवर उचलताना मागचा भाग उशिरा उचलला जातो आणि ते बिघाडासारखं दिसतं. पट्ट्या शेडमध्ये सापडल्या, गंजलेल्या पण सरळ.

पट्ट्या परत लावणं पुरेसं नव्हतं, आधी किती सैल हवं ते ठरवायचं होतं. पहिल्या प्रकारच्या (कॅटेगरी 1) लिंकेजमध्ये लोअर पिनांपासून टॉप पिनपर्यंतची उंची साधारण 46 सेंमी असते. 2.1 मीटर मागचं आधारचाक ट्रॅक्टरच्या रेषेपेक्षा 30 सेंमी वर किंवा खाली जायचं असेल, तर 46 सेंमी उंचीवरचा टॉप पिन सुमारे 6.5 सेंमी पुढे किंवा मागे सरकतो. म्हणून दोन्ही बाजूंना 7-8 सेंमी मोकळीक पाहिजे, आणि कापणीच्या स्थितीत पट्ट्या त्या मोकळिकीच्या मधोमध उभ्या पाहिजेत. टॉप लिंक आखूड केली तर पट्ट्या कायम ताणलेल्या राहतात आणि शेपटी खाली जाऊ शकत नाही. फार लांब केली तर त्या मागे रेलून टेकतात आणि शेपटी वर जाऊ शकत नाही. दोन्ही वेळा पट्ट्या असून नसल्यासारख्या.

पट्ट्या 15 सेंमी लांब होत्या. त्यांना पूर्ण फिरू दिलं तर मॉवर उचलताना त्या टॉप लिंकच्या ओळीत सरळ होतात, टॉप पिन 15 सेंमी मागे जातो आणि शेपटी जवळपास 70 सेंमी खाली लोंबते. लिफ्ट पूर्ण वर नेली तरी आधारचाक जमिनीवरच घासत राहणार. बांध ओलांडताना, रस्त्यावर जाताना हे चालत नाही. म्हणून दोन्ही बाजूंना थांबे दिले: ए-फ्रेमच्या गालांना आडवे जाड बोल्ट, पट्ट्या 7-8 सेंमी झुकल्या की त्यांना टेकणारे. आता उचलताना शेपटी सुमारे 30 सेंमी मागे राहते, मग डेक निमूट वर येतो. चालकांना हे आधी दाखवून ठेवलं, नाहीतर पट्ट्या पुन्हा शेडमध्ये गेल्या असत्या.

मालकांनी विचारलं की टॉप लिंकच्या जागी साखळी का नको, स्वस्त आणि सोपी. साखळी ओढ घेते पण दाब घेत नाही, आणि तिला थांबा नसतो. मागे जाताना आधारचाक बांधाला किंवा दगडाला अडलं की डेक पुढच्या पिनांवर फिरून मागून वर उठतो, ट्रॅक्टरच्या दिशेने. पीटीओ शाफ्ट चेपला जातो, आणि पाती फिरत असतील तर त्यांचं तोंड उघडं पडतं. सपाट कुरणात, मागे न जाता, साखळीवर वर्षानुवर्षं काम करणारे लोक आहेत. चर आणि बांध असलेल्या, वारंवार मागे घ्यावं लागणाऱ्या या जमिनीत मी ती लावू दिली नाही.

शाफ्टची लांबी

टॉप लिंक मोकळी केली की पीटीओ शाफ्टचं गणित बदलतं, आणि ही गोष्ट सहज सुटते. गिअरबॉक्सचा इनपुट पिनांच्या साधारण 30 सेंमी वर होता. शेपटी 30 सेंमी वर गेली की तो इनपुट 4 सेंमीहून थोडा जास्त पुढे, ट्रॅक्टरकडे सरकतो. शाफ्टला तेवढं आत सरकायला जागा हवी.

शाफ्ट काढून आतली नळी पाहिली. जुनं ग्रीस मागच्या भागात घट्ट साचलं होतं, पण एक चकचकीत घासलेला पट्टा नळीच्या जवळजवळ मुळापर्यंत आला होता. ताठ टॉप लिंकवर चालतानाच शाफ्ट जवळपास पूर्ण आत जात होता, शिल्लक जागा जेमतेम 2 सेंमी. पट्ट्या लावून शाफ्ट तसाच ठेवला असता तर पहिल्याच मोठ्या वरंब्यावर तो आतून टेकला असता, आणि तो धक्का एका बाजूला ट्रॅक्टरच्या पीटीओच्या बेअरिंगवर आणि दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्सवर गेला असता.

मोजमाप असं घेतलं. इंजिन बंद, किल्ली काढलेली, शाफ्ट सुटा. आधारचाकाखाली लाकडी ठोकळे रचून शेपटी पट्ट्यांच्या मागच्या थांब्यापर्यंत वर नेली, डेकला भक्कम आधार दिला, आणि लिफ्ट वरखाली करून दोन्ही टोकांमधलं सर्वांत कमी अंतर कुठे येतं ते शोधलं. लिफ्ट पूर्ण वर असताना ते अंतर सर्वांत कमी असेलच असं नाही, बऱ्याचदा ते मधल्या उंचीवर, लोअर लिंक आडव्या असताना येतं. त्या ठिकाणीही शाफ्टमध्ये किमान अडीच सेंमी जागा उरेल असं धरून दोन्ही नळ्या आणि दोन्ही संरक्षक आवरणं सारखीच कापली. कापलेल्या कडा कानशीने घासल्या, चुरा पुसला, ग्रीस लावलं. मग शेपटी खाली सोडून सर्वांत जास्त अंतरावर तपासलं: नळ्या एकमेकींत किमान एक तृतीयांश लांबीपर्यंत राहायला हव्यात. राहत होत्या. राहिल्या नसत्या तर लांब नळ्यांचा नवा शाफ्ट घ्यावा लागला असता, त्यात तडजोड नाही.

जोडताना आतल्या दोन्ही योकची, म्हणजे सांध्यांच्या दुबेळक्यांची, तोंडं एका रेषेत ठेवली. ती 90 अंशांनी चुकली तर प्रत्येक फेऱ्यात वेग कमीजास्त होतो आणि अख्खा मॉवर थरथरतो. वळताना मॉवर उंच उचलायचा असेल तर आधी पीटीओ बंद करायचा, हेही ठरवलं. सांध्यांचा कोन 30 अंशांच्या पुढे गेला की सांध्यातले क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखे तुकडे) फार टिकत नाहीत.

या मॉवरला स्लिप क्लच होता, म्हणजे जास्त ओझं आलं की घसरून यंत्र वाचवणारा क्लच. तो बराच काळ न घसरल्याने गंजून जाम झाला होता, म्हणजे पाती दगडावर आदळली असती तर मधे काहीच सुटलं नसतं. स्प्रिंगांचे नट सारखे सैल केले, पीटीओ क्षणभर जोडून चकत्या घसरवल्या, गंज मोकळा केला आणि नट मोजलेल्या जुन्या लांबीवर परत आवळले.

उंची आणि लेव्हल

टॉप लिंक फिरवून मॉवर पुढेमागे लेव्हल करायची सवय इथे मोडावी लागली. टॉप लिंकने आता फक्त पट्ट्या मधोमध उभ्या ठेवायच्या. पुढची उंची लिफ्ट ठरवते आणि मागची उंची आधारचाकाची पट्टी. सपाट काँक्रीटवर पाती हाताने फिरवून टोकापासून जमिनीपर्यंत मोजलं, पुढे 12 सेंमी आणि मागे 14 सेंमी ठेवलं. पुढचा भाग दोनेक सेंमी खाली असला की गवत एकदाच कापलं जातं आणि इंजिनवर ओझं कमी पडतं. तिरपेपणा याहून जास्त असेल तर पुढचं टोक मातीत जायला वेळ लागत नाही.

12 सेंमी ही उंची मालकांना जास्त वाटली. पण पिना 9 सेंमी खाली जाणार हे मोजून झालं होतं, तेव्हा त्याहून कमी ठेवणं म्हणजे खरवडण्याला आमंत्रण. तशी वेळ आलीच तर डेकच्या बाजूच्या स्किड (जमिनीवर घसरणाऱ्या पट्ट्या) टेकतात आणि लोअर लिंक वर सरकतात. स्किडवरच अख्खा मॉवर ओढत न्यायचा नसतो. लिफ्टचं तेल हळूहळू उतरत होतं, म्हणून ट्रॅक्टरच्या मागच्या ब्रॅकेटपासून लोअर लिंकपर्यंत दोन साखळ्या अशा लांबीच्या लावल्या की पिना ठरलेल्या उंचीखाली जाऊ नयेत. वर जायला त्यांची आडकाठी नाही.

आडव्या दिशेचं काम लवकर झालं. उजव्या लिफ्ट रॉडच्या स्क्रूने डावी-उजवी बाजू सारखी केली. रॉडच्या खालच्या टोकाला लांबट खाच होती, पिन त्या खाचेत फिरेल असा वळवला, त्यामुळे एक बाजू दुसरीला न ओढता थोडी वर जाऊ शकते. चेक चेन, म्हणजे लोअर लिंकना बाजूला हलू न देणाऱ्या साखळ्या, अशा आवळल्या की मॉवर बाजूला तीनेक सेंमीच हलेल. त्या अगदी सैल असत्या तर उतारावर डेक टायरला लागला असता.

मॉवर वर उचलल्यावर ट्रॅक्टरचं नाक हलकं होतं. ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर राहायला हवा, नाहीतर चढावर स्टिअरिंग ऐकत नाही. इथे पुढे वजनं लावली. उतारावर फेऱ्या वरखाली घ्यायच्या, आडव्या नाही, रोलबार उभा आणि सीटचा पट्टा बांधलेला.

पुन्हा त्याच वरंब्यावर

त्याच जागेवरून पुन्हा ट्रॅक्टर नेला, आधी पीटीओ बंद ठेवून. पुढची चाकं चढली, पट्ट्या मागे रेलल्या, आधारचाक जागचं हललं नाही. पुढची चाकं उतरली, पट्ट्या ट्रॅक्टरकडे ताणल्या गेल्या, चाक जमिनीवरच. मग पीटीओ जोडून, त्याच्या मिनिटाला 540 फेऱ्यांच्या खुणेवर, कमी गिअरमध्ये कापणी केली. वरंब्याच्या दोन्ही अंगांचे उभे पट्टे गेले. चालकांनी लिफ्टच्या दांड्याला हात लावायचं सोडलं, आणि खरवडणं त्याबरोबरच थांबलं.

सगळीकडे मात्र नाही. एक वरंबा अजून अरुंद आणि टोकदार आहे. मागची चाकं त्याच्या पलीकडे आणि आधारचाक अलीकडे असताना माथा नेमका पात्यांखाली येतो. पुढचं टोक पलीकडे, मागचं अलीकडे, मधे उंचवटा. टॉप लिंक कितीही मोकळी केली तरी यात फरक पडत नाही, कारण आता डेकची लांबीच आड येते. तिथे तात्पुरतं ठरलं ते असं: माथ्याला आल्यावर लिफ्ट 6-7 सेंमी वर घ्यायची आणि थोडं गवत राहू द्यायचं. कायमचे मार्ग दोन. पहिला म्हणजे गवत कमी असताना ग्रेडर ब्लेडने तो माथा उतरवणं. दुसरा म्हणजे फ्लेल मॉवर, ज्याचा पूर्ण रुंदीचा रोलर कापणाऱ्या रोटरच्या अगदी मागे असतो आणि म्हणून असे छोटे उंचवटे तो जास्त चांगले धरतो. जाड खोडांची झुडपं इथे बरीच असल्याने मी पहिला मार्ग सुचवला आहे. ब्लेडचं काम जमीन वाफशावर आली की करायचं आहे. तोपर्यंत चालकांकडे तपासणीचं काम दिलं आहे: दर दिवशी सुरू करण्याआधी पट्ट्यांच्या थांब्याचे बोल्ट हाताने हलवून पाहायचे, ए-फ्रेमची भोकं लांबट होऊ लागली का ते बघायचं, आणि शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस द्यायचं.